चाचांचं आयरिश गाणं

दारव्ह्यात आमच्या शेजारी वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे चाचा राहतात. वाजवण्याआधी ते टोपी सरळ करतात आणि कोणाशीच बोलत नाहीत. माझी मुलगी शिकागोत आयरिश घरची सून आहे. तिकडच्या सणाचं एक गाणं मी चाचांना ऐकवलं, तर त्यांनी ते आठ दिवस घोटलं.

यंदा मुलीनं सणाच्या मेळाव्यातूनच व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, छातीत धडधड होऊन राह्यली," या वेळी मात्र चाचा वाजवण्याआधी बोलले आणि त्यांनी सुरुवात केली. मध्येच सूर चुकला आणि ते थांबले. तेवढ्यात तिकडची मंडळी पुढची ओळ गाऊ लागली. चाचांनी डोळे मिटून त्यांना गाठलं.

गाणं संपल्यावर मुलीचे सासरे काहीतरी बोलले.

"काय म्हणून राह्यले?" चाचांनी विचारलं.

"अजून एकदा वाजवा म्हणतात."

चाचा खुर्चीवरून उठले आणि उभ्यानंच वाजवू लागले.