मशीनचे ब्रश
गाड्या धुण्याच्या मशीनमधून जळका वास आला की मला दसऱ्याच्या आधीचा तो दिवस आठवतो. मी सौंसरच्या बाजारात होते आणि घरून यांचा फोन आला, "मशीनचे ब्रश घिसले, दोन घेऊन ये लवकर." माझ्यासाठी मशीन म्हणजे माझी शिलाईची. इतक्या वर्षांत यांना तिची आठवण झाली म्हणून मी बसमध्ये मनातल्या मनात हसत होते. मोहगावला उतरले तर यांच्याकडे पूजेआधी धुवायला आलेल्या मोटरसायकली अंगणापासून रस्त्यापर्यंत उभ्या, त्यांच्यावरचा साबणाचा फेस वाळून चाललेला आणि पाण्याची मशीन बंद. यांनी पुडी उघडली, धागे झाडायचे ते दोन इवलेसे ब्रश पाहिले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "अवं, मी का अथी ब्लाउज शिवून राहिलो? मोटरमधले कार्बनचे पाह्यजे!" "भाऊ, आता माह्या गाडीले फॉल-पिको करून द्या," एक गिऱ्हाईक म्हणालं आणि सगळे हसले. मोटरमध्येही ब्रश असतात आणि ते काळ्या कोळशाचे तुकडे असतात, हे मला कोणी सांगितलं होतं? कोणती मशीन, एवढा एक शब्द जास्त बोलायला यांचं काय जात होतं? पण माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. मी आत गेले. हे सौंसरला पळाले, तोवर निम्म्या गाड्या दुसरीकडे गेल्या, आणि त्याचं खापर अजून माझ्यावरच फुटतं. आज पुन्हा तो वास आला. "ब्रश गेले वाटते," हे म्हणाले. माझ्या मशीनचे नाही गेले, मी मनात म्हटलं.