तिकीट काढून गिरणीत

गिरणी बंद पडली तेव्हा वाटलं होतं, आता सांगण्यासारखं काही घडायचं नाही. पण तिचं हेरिटेज पार्क झालं आणि किस्से पुन्हा साठायला लागले. घरी ऐकायला कुणी रिकामं नसतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

आम्ही चौघं रोज सकाळी तिथं फिरायला जातो. मी कताईतला, रखमाक्का सुताच्या लड्या करतात त्या रिळिंगची, नाना आणि दस्तगीरभाई मागखात्यातले. त्या दोघांचे माग समोरासमोर होते. मध्यंतरी भाईंना पॅरालिसिसचा झटका आला. चालणं जमायला लागलं, पण बोलताना तोंडातून भलताच आवाज निघायला लागला. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, नाहीतर आहे तेही जाईल. पण नातवंडं दचकायला लागली आणि भाईंनी तोंडच मिटलं. नाना त्यांना हाताला धरून पार्कात आणतात ते एवढ्याचसाठी. कुणाशी तरी बोलावं त्यांनी.

*

पहिल्याच दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीनं तिकीट विचारलं.

नाना म्हणाले, "जन्म गेला हितं ये-जा करण्यात. तिकीट कुणी मागितलं न्हाय. उशीर झाला की हाकलायचे तेवढं."

तो म्हणाला, "आता उशीर झाला तरी चालतंय की, आजोबा. तिकीट तेवढं काढा."

नानांनी पैसे काढले.

*

त्याच दिवशी बाहेर पडताना नाना गेटात थांबले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची, सूत-कापड कुणी नेऊ नये म्हणून. सिक्युरिटीला बिचाऱ्याला काय माहीत!

"आजोबा, योगा तिकडं हिरवळीवर करा. गेटात नको."

आम्ही हसलो खरे, पण माझेही हात अर्ध्यापर्यंत गेले होते.

*

लग्नाआधीचं फोटोशूट करायला एक जोडी आली होती. साडी नेसलेली मुलगी लांब वेणी पुढं सोडून जुन्या मशीनला टेकली. रखमाक्का तरातरा गेली आणि तिची वेणी धरून तिच्याच पदरात खोचली.

फोटोवाला वैतागला. "आजी, लूक गेला की सगळा."

"जाऊ दे. केस ऱ्हायले न्हवं?"

मशीन कधीच बंद पडलंय हे आक्काला कळत नव्हतं असं नाही. पण हाताला कोण सांगणार.

*

कबनूरहून एक पावणं पोराबाळांना घेऊन आले होते. काचेच्या पेटीत मांडलेल्या मागासमोर ते बराच वेळ वाकून उभे. मग हळूच मला विचारलं, "ह्यातला एखादा सुटा भाग मिळंल काय ओ? आमचा अजून चालू हाय."

भाईंच्या ओठांच्या कडेला हसू आलं. नाना टक लावून बघत होते. पण भाई बोलले नाहीत.

*

गेल्या आठवड्यात मागखात्याच्या शेडमध्ये नवी सोय झाली. तिथल्या माणसानं बटण दाबलं की स्पीकरवर सगळे माग एकदम सुरू झाल्याचा आवाज. मंडळी कानांवर हात ठेवून बाहेर पळतात. पूर्वी तिथं कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. मागवाले नुसते ओठ हलवून आणि हातवारे करून बोलायचे, मागाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला.

आवाज सुरू झाला तसे नाना जुन्या सवयीनं भाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. ओठ हलवले. भाई बघत राहिले. मग त्यांचेही ओठ हलले, जरा वाकडे, पण हलले. नानांनी बोटं नाचवली. भाई रागावून काहीतरी म्हणाले, नाना पोट धरून हसले, भाईंनी मांडीवर हात आपटून पुन्हा सुरुवात केली. मला आणि आक्काला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. दारात उभ्याउभ्या मला रडू आलं.

रेकॉर्डिंग संपलं. शेड शांत झाली. भाईंचं तोंड अर्ध्या बोलण्यात मिटलं.

नाना बटणाजवळच्या माणसाकडे वळले.

"लाव की परत. त्येचं बोलून व्हायचं हाय अजून."