नऊची बेरीज

“थंडं होऊ दे आधी,” म्हणत काकू बॉनेटवर हात ठेवायच्या. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, उलटा. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्तीनंतरही हाताची सवय गेली नव्हती.

मनीषनगरात माझ्या खोलीसमोर त्यांचं घर आणि पोर्चमध्ये जुनी पांढरी अँबेसेडर. यजमान गेल्यावर काकू ती विकून टाकतील, असं गल्लीनं गृहीत धरलं होतं. तुम्हीही धरलं असतं.

एका रविवारी सकाळी पाहिलं तर काकू गाडीभोवती फेऱ्या घालत होत्या. पुढून हँडल घालून इंजिन थोडं फिरवायचं, बाजूला येऊन बॉनेटखाली वाकायचं, पुन्हा हँडलकडे जायचं. मी फाटकाशी गेलो.

“काय चाललंय काकू?”

“टॅपेट सेट करून राहिली. हे काम दोघांचं आहे गा. हे वाकून पाहात, मी हँडल फिरवो. आता दोन्हीकडे मीच.”

मी हँडल धरलं. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं.

इंजिनात आठ व्हॉल्व्ह. टॅपेट सेट करायचे म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची. आठवा पूर्ण उघडला की पहिल्याची फट मोजायची, सातवा उघडला की दुसऱ्याची. “बेरीज नऊ आली पाहिजे,” काकू बजावायच्या. माझं लक्ष चुकलं की विचारायच्या, “काहून गा, तीन अन् पाच नऊ होते का?” मग फटीत पोलादाची पातळ पट्टी घालून डोळे मिटायच्या. पट्टी किंचित अडत सरकली की मान हलवायच्या.

“फट कमी राहिली तर?” मी एकदा विचारलं.

“टकटकीचा आवाज बंद होते. ऐकणाऱ्याले वाटते, चला, बरं झालं. पन व्हॉल्व्ह आतून जळत राहते.”

दर महिन्या-दीड महिन्यानं बोलावणं यायचं. काम झालं की पोर्चच्या पायरीवर चहा आणि चिवडा. बदलीच्या नोकरीमुळे मीही एकटाच होतो. टॅपेट इतक्या लवकर बिघडत नाहीत, हे पुढे एका मेकॅनिकनं मला सांगितलं. काकूंना मी ते कधी बोललो नाही.

मग हिंगणा रोडच्या एका गॅरेजात इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र आलं. मागची चाकं रोलरवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवायची, आकडा पडद्यावर दिसतो. काकू हट्टालाच पेटल्या.

“यांचं म्हणनं, नवी होती तेवढीच ताकद आहे हिच्यात. मी म्हनो, म्हातारी झाली, मान्य करा. उड्डाणपूल चढला की आमचं भांडण ठरलेलं. एकदाचं पाहूनच घेऊ.”

आदल्या दिवशी टॅपेट पुन्हा तपासले. गॅरेजात गाडी रोलरवर चढली, गरजली, थरथरली. काकू पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. पडद्याकडे बघत तिथला माणूस म्हणाला, “आंटी, पचास टक्का ताकत भी नहीं बची.”

परत येताना उड्डाणपूल लागला. काकूंनी गिअर बदलला, गाडी धापा टाकत वर चढली. मग रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “जिंकली मी.” जरा वेळानं म्हणाल्या, “आता सांगू कोणाले?”

 काहीतरी बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

त्यानंतर टॅपेटसाठी हाक आली नाही. मीच एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “राहू दे गा. चालून राहिली न.”

दिवाळी झाल्यावर त्यांनी घर भाड्यानं द्यायचं ठरवलं. भिवापूरला त्यांची विधवा बहीण असते, तिच्याकडे जायचं. सामान टेम्पोनं पुढे गेलं. गाडी मात्र त्या स्वतः घेऊन निघाल्या. सोबत येतो म्हटलं तर ऐकेनात.

“पोचल्यावर फोन करा,” मी म्हणालो.

“करीन न.”

दुपार गेली, फोन आला नाही. संध्याकाळी न राहवून मीच लावला. काकूंनीच उचलला. केव्हाच पोचल्या होत्या. जेवून, झोपून उठल्या होत्या.

“अहो, फोन करणार होतात ना? मी इथे काळजीत.”



“भुलली गा,” त्या म्हणाल्या. “पोचल्यावर कोणाले तरी सांगायचं असते, हेच भुलली होती.”