ऐंशी लिटर जास्तीचं पाणी

ज्या माणसाविषयी हे लिहितो आहे, त्याच्याशी मी एकदाच खोटं बोललो. तीनच शब्द होते. ते खोटं होतं हे त्यांना सांगायला मला पाच वर्षं लागली, आणि सांगायला गेलो तेव्हासुद्धा निम्मं लपवायचा विचार करूनच गेलो होतो.

आमच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत ते मापं घ्यायचे. सगळे त्यांना मापाडीकाका म्हणायचे, अगदी तोंडावर. मोठी पत्र्याची शेड, आणि तिच्या मधोमध सिमेंटमध्ये घडवलेलं एका नदीचं खोरं, तीस पावलं लांब. वरच्या टोकाला टाकी, तिला झडप. झडप उचलली की धरण फुटल्यासारखं पाणी सुटायचं, लाकडी ठोकळ्यांच्या घरांवरून जायचं, थोडं खळग्यांत अडकायचं आणि बाकीचं खालच्या टाकीत जमायचं. मग काकांचं काम सुरू. पितळी दांडीला लावलेली एक टोकदार सुई ते हळूहळू खाली सोडत. एक डोळा मिटून, गाल पाण्याला लागेल इतके वाकून. सुई आणि पाण्यात दिसणारी सुई एकमेकींना टेकल्या की थांबायचं आणि दांडीवरचा आकडा वाचायचा. मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढ्या वेळात कोणी शिंकलं तर काका परत पहिल्यापासून सुरू करत, आणि शिंकणाऱ्याशी दोन दिवस बोलत नसत.

साधेसुधे होते असं नाही. डोळ्यांचा फार ताठा. टेबलाच्या पलीकडून समोरच्याच्या हातातला कागद वाचून दाखवायचे, लांबून येणाऱ्याला "बटण निसटतंय तुमचं" म्हणायचे. पण एक होतं. ज्या आकड्याची खात्री नाही तो कागदावर जायचा नाही. साहेब डोक्यावर उभे राहिले तरी नाही.

मी तिथे यंत्रवाला म्हणून आलो. तीच नदी मी यंत्रात, म्हणजे संगणकात, उभी केली होती. तळाचे चाळीस हजार चौकोन पाडायचे, प्रत्येकात पाणी किती ते धरून ठेवायचं, आणि क्षणाक्षणाला कोणत्या चौकोनातून शेजारच्यात किती गेलं ते काढायचं. या धंद्याचा एकच धर्म आहे: एकाच्या कडेतून जेवढं बाहेर पडलं तेवढंच शेजारच्यात यायला हवं. पाणी हवेतून येत नाही आणि हवेत जात नाही. बाकी सगळ्या युक्त्या. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडद्यावरचं निळं पाणी बघत. एकदा म्हणाले, "पळतंय छान तुमचं पाणी. पाय तेवढे भिजत नाहीत."

पहिल्यांदा दोन्ही नद्या शेजारी ठेवल्या तेव्हा वरच्या टाकीत काठोकाठ दोन हजार लिटर होतं. काकांच्या सुईप्रमाणे खालच्या टाकीत अठराशे ऐंशी आलं. माझ्या यंत्राप्रमाणे एकोणीसशे साठ. ऐंशी लिटरचा फरक. मोठे साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "तळ गळत असेल."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. साहेब खुशीत आले. "कुठेतरी पाणी मुरतंय म्हणजे," म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी वर कळवलं की नव्या यंत्राने जुन्या खोऱ्यातला दोष पकडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी सहज म्हणून, खरंच सहज, यंत्रातलं खळग्यांत अडकलेलं पाणीही बेरजेत धरलं. एकशे वीस लिटर निघालं. एकोणीसशे साठ आणि एकशे वीस. म्हणजे दोन हजार ओतलं होतं आणि दोन हजार ऐंशी झालं होतं. माझ्याच नदीत ऐंशी लिटर पाणी हवेतून आलं होतं.

कुठून आलं ते शोधायला अर्धा तासही लागला नाही. पूर कोरड्या जमिनीवर शिरतो तेव्हा काठावरच्या चौकोनात जेमतेम ओल असते. यंत्र एका उडीत त्यातून आहे त्यापेक्षा जास्त पाणी काढून शेजारच्याला देतं आणि चौकोनात शून्याहून कमी पाणी उरतं. असलं पाणी जगात नसतं, म्हणून मी एक ओळ लिहून ठेवली होती: शून्याहून कमी असेल तर शून्य धर. दिसायला किती समंजस ओळ. पण शेजारच्याला दिलेलं पाणी तर देऊन झालेलं असतं. तांब्यात अर्धा पेला असताना शेजाऱ्याला पूर्ण पेला दिला आणि तांब्या नुसता रिकामा आहे असं म्हटलं, तर वरचा अर्धा पेला कोणाचा? माझा, हवेतून काढलेला. लाखो वेळा थेंबथेंब करून तो ऐंशी लिटर झाला होता.

 मग मी पडदा बंद केला आणि जेवायला गेलो. भूकही लागली होती, हे सांगायलाच हवं.

उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या साहेबांकडे वरून कौतुकाचा फोन आला. परवा माझ्या बढतीचा विषय निघाला. त्यानंतर मी कारणं शोधणंही सोडून दिलं आणि मूग गिळून बसलो.

काका मात्र गुडघ्यांवर होते. तीस पावलांचा तो तळ त्यांनी वीतवीत तपासला. हातात दिवा, खिशात लाल रंगाची पुडी. एकेका तुकड्यात रंगीत पाणी साठवायचं आणि खालून कुठे लाल येतं का बघायचं. सत्तावन्न वर्षांचा माणूस. उठताना भिंतीला धरून उठायचे आणि पँटीच्या गुडघ्यांवर सिमेंटचे दोन पांढरे गोल असायचे. रोज संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन सांगत, "साहेब, आज डावा काठ बघितला. कोरडा आहे." हे त्यांनी मला सांगावं असा काही नियम नव्हता. दोष मी काढला होता, म्हणून ते मला सांगत.

आणि मी म्हणायचो, "बघा अजून."

आजही कुठल्याही कामाच्या मध्येच मला ते 'बघा अजून' ऐकू येतं आणि कान तापतात. गप्प बसणं एक वेळ समजता येईल. पण मी त्या माणसाला पुन्हा गुडघ्यांवर पाठवत होतो.

एकोणिसाव्या दिवशी ते आले ते खुर्ची ओढून बसलेच. एरवी कधी बसत नसत. म्हणाले, "साहेब, तळ तर गळत नाही. आता खळग्यांत किती राहतं ते कळलं तर वरचं आणि खालचं जुळवून बघता येईल. मी स्पंजाने टिपून बघितलं. पण सिमेंट पाणी पितं आणि स्पंज सगळं सोडत नाही. तो आकडा मी लिहिणार नाही. तुमचं यंत्र सांगतं का, खळग्यांत किती?"

नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं त्यांनी. माझ्या खणात तो आकडा सोळा दिवस पडून होता, कागदावर, तारखेसकट.

मी म्हणालो, "ते छापत नाही."

"मग राहिलं," असं म्हणून त्यांनी खुर्ची जागच्या जागी ठेवली आणि गेले.

दोन दिवसांनी ते आपणहून मोठ्या साहेबांकडे गेले. मी तिथेच होतो. "तळ गळत नाही," काका म्हणाले. "यंत्र चुकत नाही म्हणता. मग माझे डोळेच." त्यांचे हात शर्टाच्या कडेला चाचपडत होते. साहेबांनी बराच कळवळा दाखवला आणि अहवालात लिहिलं: निरीक्षकाच्या वाचनात चार टक्क्यांची चूक. काकांच्या आधीच्या एकोणीस वर्षांच्या मापांवर 'फेरतपासणी आवश्यक' असा शिक्का बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटचं वर्ष त्यांनी गोदामात पाइप मोजण्यात काढलं. जाताना पितळी सुई फडक्यात गुंडाळून माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "पुसून ठेवत जा. ओली राहिली की टोक जातं."

चूक मी दुरुस्त केली होती, अहवालावर सह्या झाल्यावर महिन्याभराने, एका दुपारी, गुपचूप. चौकोनात आहे त्यापेक्षा जास्त पाणी त्यातून शेजारच्यात जाऊच द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. मग खालच्या टाकीत अठराशे ब्याऐंशी आलं. काकांच्या सुईने अठराशे ऐंशी दाखवलं होतं. तो आकडा बघून मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. सुधारित आवृत्ती म्हणून तिचं कौतुक झालं.

बायकोला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा." आणि तीन दिवस कामापुरतंच बोलली. मी तरी गेलो नाही.

गेलो ते एका मुलीमुळे. पुढे मोठ्या साहेबांच्या खुर्चीत मी बसलो आणि नव्या भरतीला शिकवायला लागलो. पहिल्या तासाला नेहमी हीच चूक सांगायचो: आधी सगळं पाणी मोजा, खळग्यातलंसुद्धा. या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ही चूक पकडली कोणी?"

"आम्हीच," मी म्हणालो. ती खाली बसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. तिला लिहिताना बघून मला स्वतःची शिसारी आली.

त्या रविवारी सकाळी काकांच्या घरी गेलो. तिसरा मजला. दार काकूंनी उघडलं. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "तुम्हीच ना ते यंत्रवाले?" आणि बाजूला झाल्या. काका गॅलरीत होते. समोर प्लास्टिकचा टब, त्यावर लाकडी घोडी, तिला तारेची घरी केलेली सुई आणि कुठल्यातरी जुन्या यंत्राची मोजपट्टी. शेजारी वही.

"रोज सकाळी माझीही परीक्षा असते," काकू म्हणाल्या. "आधी हे वाचतात आणि लिहून झाकून ठेवतात. मग मी वाचायचं. चार वर्षं झाली."

"डोळे कुठे चुकतात ते बघतोय, साहेब," काका म्हणाले. "नेमकी किती चूक आहे ते कळलं तर मागच्या एकोणीस वर्षांतून तेवढी वजा करता येईल." त्यांनी वही पुढे केली. दोन रकाने, एक त्यांचा, एक काकूंचा. पानामागून पानं. फरक कुठेही एकदोन दहाव्या भागांपलीकडे नव्हता. "सापडत नाही अजून," ते म्हणाले, जसं तेव्हा रोज संध्याकाळी म्हणायचे.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तळ गळत नव्हता. डोळे चुकले नव्हते. चूक यंत्रात होती, माझी होती, आणि ती नंतर माझ्या लक्षात आली.

काकू दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. काकांनी सुई वर घेतली आणि फडक्याने पुसली. "खळग्यांत किती होतं?" त्यांनी विचारलं.

"एकशे वीस."

"स्पंजाने एकशे अकरा आलं होतं मला. म्हटलं, स्पंजच चुकला." मग म्हणाले, "लिहून द्या."

"काका, मी सांगायला आलोय ना..."

"अहवाल तोंडी नव्हता, साहेब."

मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. आपल्या कचेरीत जसं लिहितात तसं: गणनपद्धतीत त्रुटी होती, ती नंतर निदर्शनास आली, निरीक्षकाचे वाचन अचूक होते, सबब संबंधित शेरा रद्द करण्यात यावा. सही केली. काकांनी वही टबाच्या काठावर ठेवली आणि वाकून, एक डोळा मिटून वाचली. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"'नंतर' म्हणजे कधी?"

मला वाटलं होतं हे विचारणार नाहीत. 

"मी एकोणिसाव्या दिवशी आलो होतो तुमच्याकडे," काका म्हणाले. "त्याच्या आधी की नंतर?"

"आधी," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी."

 नकळत काकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर गेले आणि तिथेच राहिले. काकूंना रडू फुटलं. मी मान खाली घालून उभा होतो, चाळिशी उलटलेला माणूस, खात्याचा मोठा साहेब.

"मग तसं लिहा," काका म्हणाले. "खात्री नसलेला शब्द नको."

मी 'नंतर' खोडलं आणि लिहिलं: ती मला तिसऱ्या दिवशी कळली. एकोणिसाव्या दिवशी यांनी मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. काकांनी वाकून वाचलं, हाताने झाकलं आणि नेहमीच्या सवयीने वही काकूंकडे सरकवली. काकूंनी डोळे पुसले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांच्या वाचनात फरक नव्हता.

"कोणाला देऊ हे?" मी विचारलं. "मोठा साहेब आता मीच आहे."

काकांनी पान सुबक फाडलं, घडी केली आणि माझ्या हातात दिलं. "शिकवता ना तुम्ही?"

सोमवारी मी तो कागद अहवालाला जोडला आणि त्याची नक्कल घेऊन वर्गात गेलो. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलीने वही उघडली, मागचं पान काढलं आणि मी सांगितलेलं 'आम्हीच' माझ्यादेखत खोडलं.