रिव्हर्स नसलेलं घर

घर सोडून निघालेली माणसं जगात पुष्कळ आहेत, पण घरालाच बाहेर काढून निघालेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते आमचे मामा. हे वेड समजायचं तर आधी आमची गरिबी सांगावी लागते, आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही. दुबलगुंडीत आजोबांची एक मातीची खोली होती. दिवाळी झाली की दाराला कुलूप लागायचं आणि आजी, आजोबा, माझी आई, धाकटे मामा असे सगळे वीटभट्टीवर जायचे. तिथे कच्च्या विटा रचून केलेलं खोपट, ताठ उभं राहिलं की डोकं छपराला लागणारं. पावसाच्या तोंडावर परत यावं तर घराची एक भिंत बसलेली असायची, कौलं सरकलेली असायची, आणि चुलीत कुत्रीनं पिल्लं घातलेली. एका वर्षी कुलूप लावताना मामांनी आजोबांना विचारलं होतं, "अप्पा, आपण समदे जायलोय, मग घर कामून हितंच ठेवायलाव? संगं न्या की." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्या विटांनी आईची कंबर खाल्ली आणि मामांचं डोकं.

पुढे हुमनाबादला वेल्डिंगच्या एका दुकानात वीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना ग्रील लावल्यावर मामांनी स्वतःसाठी घर जोडलं. लोखंडी चौकट, पत्र्याच्या भिंती, मोडीतल्या बसच्या खिडक्या, खाली दोन चाकं, आणि ओढायला पुढे एक जुनी जीप. आत खाट, शेगडी आणि पाण्याचा एक माठ. हा माठ प्रत्येक गतिरोधकाला न चुकता हुंदका द्यायचा. गावानं त्याचं नाव 'डब्बा' ठेवलं. मामांसमोर मात्र तो शब्द काढायची सोय नव्हती. "डब्ब्यात भाकरी ऱ्हाती. मानूस ऱ्हातो ते घर." एकदा एका पोलिसानं अडवलं आणि विचारलं, हे काय? मामा म्हणाले, घर. "घर रस्त्यावर कामून आणलास?" मामा शांतपणे म्हणाले, "सायेब, घर न्हाई म्हणून रस्त्यावर आलेली मानसं तुमाला लई दिसली असतील. ह्ये हौसेनं आलंय." मग त्यांनी उशीएवढी जाड फाईल काढली, तिच्यातला एकेक कागद दाखवला, आणि साहेबांना आत चहाला नेलं. आत जाताना साहेबांना बूट बाहेर काढायला लावले.

कारण घर म्हटलं की घराचे नियम आले. भर रस्त्यात उभं असलं तरी चपला उंबऱ्याबाहेर. घराला दारं दोन: मागलं येण्याजाण्याचं, पुढलं थेट जीपकडे उतरणारं. या दोन दारांनीच एकदा जनवाडा गावाजवळ घात केला. एका लग्नाहून येताना मामांनी रस्त्याकडेला गाडी थांबवली, मागल्या दाराशी चपला काढल्या, आत बसून चहा प्याले, पुढल्या दारानं उतरून जीपमध्ये बसले आणि निघाले. शंभर पावलं गेल्यावर पायांना जाग आली. दुसरा कुणी उतरून चालत गेला असता. मामा तीन गावांना वळसा घालून, नऊ-दहा किलोमीटर फिरून, पुन्हा त्याच जागी आले आणि चपला उचलल्या. "चालत कामून गेला न्हाईत?" मी विचारलं. "घर उघडं टाकून?" मामांनी मलाच विचारलं. बरं, मग गाडी मागे का नाही घेतली? यावर मामा एकदम आभाळाकडे बघून म्हणाले, यंदा तूर चांगली दिसायली.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती उभ्या तालुक्याला माहीत होती, की मामांना घर मागे घेता येत नसे. नुसती जीप ते झोकात मागे घ्यायचे. पण मागे घर जोडलेलं असलं की स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं तर घर डावीकडे जायचं, डावीकडे फिरवावं तर ते जीपच्या काखेत शिरायचं. हे शिकण्याऐवजी मामांनी एक तत्त्वज्ञानच तयार केलं. "मागं जाऊन कुणाचं भलं झालंय?" हेच तत्त्वज्ञान रस्ता निवडतानाही लागू. हायवेवर ते कधी जात नसत. तिथे ट्रक बाजूनं गेला की त्याच्या वाऱ्यानं घर हलतं, कुणी कुणाला विचारत नाही, आणि वळण चुकलं तर पुढचं वळण दुसऱ्या जिल्ह्यात. आतला रस्ता म्हणजे माणसांचा रस्ता: बैल आडवे येतात, म्हाताऱ्या रस्ता सांगतात, चुकलं तरी गावात फिरून वळता येतं. शिवाय आपल्याला पाच भाषा येतात, मराठी, कन्नड, दखनी, औरादकडची तेलुगू आणि जनावरांची, तेव्हा कुठल्याही बांधावर आपण हरवणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

ही सगळी गंमत मला माझ्या पदवीदानाच्या दिवशी महाग पडत होती. कडगंचीच्या विद्यापीठात साडेदहाला समारंभ होता आणि दहाच्या आत नाव नोंदवायचं होतं. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आईला ते बघायचं होतं. पण तिला अर्ध्या तासाच्या वर बसता येत नसे. बस नाही, जीप नाही. ती झोपून प्रवास करू शकेल असं वाहन आसपासच्या दोन जिल्ह्यांत मामांजवळच होतं. सकाळी सहाला अंगणात घर येऊन उभं राहिलं. आई आत जाऊन खाटेवर आडवी झाली, मी जीपमध्ये मामांशेजारी. माझा मोबाईल सांगत होता, हायवेनं कलबुर्गी, तिथून आळंद रोडनं कडगंची. मामा म्हणाले, "मोबाईलला अक्काच्या कंबरेचं काय ठाव? ट्रकांच्या वाऱ्यात मी तिला न्यायचो न्हाई." आईची कंबर मध्ये आल्यावर मी मोबाईल मांडीवर पालथा घातला. आतल्या रस्त्यांनी जात जात कमलापूरच्या अलीकडे त्यांनी घर उजवीकडे वळवलं.

रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना तूर एवढी दाटलेली की घराच्या पत्र्यावर शेंगा वाजत होत्या. डोक्यावर भारा घेतलेली एक बाई दिसली तशी मामांनी जीप हळू केली आणि आपल्या कन्नडात विचारलं, पुढं काय आहे? ती म्हणाली, "मुंद हळ्ळ अद री!" मामा खूश झाले. "ऐकलीस का? हळ्ळी हाय म्हनायली. गावात गेलं की चा पिऊ." मी मोबाईलवर घड्याळ बघत होते, मी काय ऐकणार? कन्नडात हळ्ळी म्हणजे गाव आणि हळ्ळ म्हणजे ओढा. एका वेलांटीचा फरक. पुढच्या वळणावर ती वेलांटी नसलेला ओढा समोर आला: गुडघाभर पाणी, त्यात दगड. जीप गेली असती. घराचं पोट मात्र जमिनीपासून वीतभरच वर. वळायला जागा नाही. सव्वाआठ वाजले होते.

मामांनी इंजिन बंद केलं. पाच भाषा येणारा माणूस एकाही भाषेत बोलेना. आतून आईचा आवाज आला, "थांबलास कामून रं?" मामा उतरले, बसच्या त्या खिडकीपाशी गेले आणि मान खाली घालून म्हणाले, "अक्का, मला ह्ये मागं घ्याया येत न्हाई."

"व्हय. समद्या तालुक्याला ठाव हाय. तुला आज कळलं व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही. आई पुढे म्हणाली, "भट्टीवर ट्रॉली फसली की काय करायचे? पिन काढ, मानसं बोलीव."

तेवढ्यात भारेवाली बाई मागून आलीच. तुरीतून तिच्याबरोबरच्या सात-आठ जणी आल्या. "ना हळ्ळ अंदे, हळ्ळी अल्ल!" मी ओढा म्हटलं, गाव नाही, असं ती प्रत्येकीला सांगत होती आणि जी ती मामांकडे बघून नव्यानं हसत होती. मामांनी जीपला घर जोडणारी पिन काढली आणि बायांनी घर हातांनी फिरवून तुरीच्या कडेला लावलं, आत आई झोपूनच हुकूम सोडत होती, "डावीकडं धरा! हं, आता ढकला!" मामांनी नुसती जीप त्याच्या बाजूनं झोकात मागे घेतली आणि वळवली. घर पुन्हा जोडलं. मी विचारलं, "आता, मामा?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता हायवे."

मामा हायवेला पहिल्यांदाच लागले. प्रत्येक ट्रक आला की ते ओरडायचे, "अक्का, धर!" आणि आतून यायचं, "धरलंय!" पाच-सहा ट्रक गेल्यावर आई म्हणाली, "आरं, हितं तर गचकाच बसंना. आधी कामून आनला न्हाईस?" मामांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. कलबुर्गी मागे पडलं, आळंद रोड लागला, आणि दहाला दहा मिनिटं असताना विद्यापीठाच्या फाटकातून आमचं घर आत गेलं.

आई उतरायला गेली तर चपला नाहीत. घरात शिरताना रीतीप्रमाणे तिनं त्या बाहेर काढल्या होत्या. त्या दुबलगुंडीच्या अंगणातच राहिल्या. मामांनी आपल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. त्या बोटीएवढ्या चपला ओढत, माझ्या खांद्याला धरून ती सभागृहापर्यंत आली, आणि दाराशी पुन्हा काढायला लागली. मी म्हटलं, आई, इथे चालतं. "एवढं मोठं शिकायचं घर," ती म्हणाली, "चपला घालून जाऊ व्हय?" शेकडो माणसं बुटांनी आत गेली. बाहेर चपलांचा एकच जोड होता.

मामा आत येणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. घर उघडं टाकून ते शंभर पावलं कधी गेले नव्हते. माझं नाव पुकारलं तशी मी वर गेले, आणि वरून पाहिलं. आई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या शेजारी, अनवाणी, मामा.

आता मामांना गाडी फारशी झेपत नाही. घर अंगणात उभं असतं, चाकांखाली दगड लावून. मामा दुपारी त्यात पडतात, चपला बाहेर काढून. त्या जोडाकडे बघितलं की मला तो दिवस आठवतो. मी पदवी घेतली, आणि माझ्या आईनं ती घेताना मला पाहिलं.