उसण नव्हती ती

"मावशी, ही उसण नाही. मणका दबलाय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे उजेडापुढं धरला. सगळे मणके विटांसारखे चौकोनी, मधला एक तेवढा पुढून चेपलेला, कुणाचा तरी पाय पडलेल्या खोक्यासारखा. त्याला 'कॉम्प्रेशन फ्रॅक्चर' म्हणतात. म्हणजे हाड आडवं तुटत नाही, जागच्या जागी खचतं.

"पडलात कुठं?"

पडले नव्हते. स्ट्रॉबेरीचा क्रेट उचलला होता, तोही अर्धाच भरलेला.

माझं गाव जतच्या बाजूला, माळावर. शाळा सातवीतच सुटली. हंगामात आम्ही बायका महाबळेश्वरला मळ्यात कामाला जातो, तिथंच शेडमध्ये राहतो. क्रेट उचलला आणि पाठीत अशी चमक निघाली की श्वास अडकला. सगळ्या म्हणाल्या, उसण भरली. उसणीवरचा उपायही शेडमध्येच होता. माझ्या शेजारी झोपणारी सुंदरा पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण निघते, असं आमच्याकडं मानतात. मी पालथी पडले. "आक्का, दात दाबून धर," म्हणत तिनं टाच दाबली.

सकाळी उठता येईना. डाव्या पायाची बोटं बधिर झाली होती. मळ्याच्या मालकांनी स्वतःच्या गाडीतून साताऱ्याला आणलं. ते उपकार मी विसरणार नाही. माझं म्हणावं असं माणूस त्या दवाखान्यात सुंदरा सोडून कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. खचलेलं हाड मागं सरकून कण्यातल्या मोठ्या नसेवर दाबत असेल, तर पाय जाऊ शकतो म्हणाले. नंबर लागेपर्यंत मी स्ट्रेचरवर पडून बोटं हलवून बघत होते. हलतात की नाही, तेच कळत नव्हतं. सुंदरा बाकावर होती. तिनं दोन्ही पाय साडीत ओढून घेतले होते, लपवल्यासारखे.

मधल्या वेळात डॉक्टरांनी चौकशी केली.

"तंबाखू?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मिश्री लावती की दोन टायमाला," सुंदरा म्हणाली.

"ती दातास्नी हाय गं."

डॉक्टर हसले नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती हाडांना खाते, म्हणाले. पाळी कधी गेली, विचारलं. मी म्हणाले, "गेली न्हाई, पिशवी काढली. पोरं लहान हुती तवा." त्यानंतर अंगातून वाफा निघायच्या का, रात्री घाम फुटायचा का? फुटायचा, लय. मग पिशवीबरोबर बीजांडंही काढली असावीत, ते म्हणाले. बाईची हाडं राखणारं हार्मोन त्यातूनच येतं. पाळी उशिरा गेली असती तर हाडांना तेवढी वर्षं जास्त मिळाली असती.

माझं वाकडं मनगट त्यांनी हातात घेतलं. नळावर पाय घसरून मोडलं होतं ते. तेव्हा प्लास्टर झालं आणि मी विसरून गेले. "उभ्या उभ्या पडून हाड मोडतं, तेव्हाच तपासायला हवं होतं," ते म्हणाले. माझी आई म्हातारपणी पार वाकली होती. आम्हाला वाटायचं, खुरपून खुरपून वाकली.

एमआरआय आला. नस वाचली होती. मी हात जोडले, सुंदरा भिंतीकडं तोंड करून रडली. पुढं 'डेक्सा' नावाच्या तपासणीत हाडं किती भरीव आहेत ते बघितलं. माझी आतून पोकळ झाली होती. याला 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणतात. कमरेला पट्टा, कॅल्शियमच्या गोळ्या आणि वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. मिश्री बंद. खचलेला मणका परत उभा राहणार नाही.

आता गावाकडंच असते. बोटांना मुंग्या येतात, पण चालता येतं. मळा संपला. बादली उचलायची भीती वाटते, खोकल्याचीसुद्धा. बायांनो, पन्नाशी उलटली असेल किंवा पिशवी लवकर काढली असेल, तर पाठीत चमक आल्यावर आधी एक्स-रेचा फोटो काढा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सगळं आपणहून सांगा.

दवाखान्यात सुंदरानं मला एकदाच विचारलं होतं, "माज्या पायानं मोडला व्हय गं?" तेच मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, मणका क्रेट उचलतानाच खचला असणार, पण टाचेनं वाढलं का ते आता कुणी सांगू शकत नाही. मी तिला त्यातलं पहिलं तेवढंच सांगितलं.

परवा तिचा फोन आला. मळ्यातल्या एका बाईला उसण भरली, ती सुंदराकडं आली. सुंदरानं विचारलं, "पाळी कवा गेली तुजी?" बाई भडकली, "पाठ दुखतीया माजी, आन हिला पाळी पायजे." तरी सुंदरानं तिला फोटो काढायलाच पाठवलं. सगळे मणके नीट निघाले.

"मग लावलास का पाय?" मी विचारलं.

"न्हाई आक्का," ती म्हणाली. "आता पायच उचलत न्हाई."