उघड्या डबीवरची हाक

प्रयोगशाळेत मागून सगळे तिला चूपबाई म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. पृथ्वीच्या टोकाला, बर्फावरची हवा ज्या पांढऱ्या गोल फिल्टरांतून ओढलेली असे, ते फिल्टर डब्यांत बंद होऊन तिच्या टेबलावर येत. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे कण असत. ते कशाचे बनलेत आणि दमट हवेत किती पाणी पितात, हे बघणं तिचं काम. डबी उघडली की खोलीत कोणी ब्र काढायचा नाही. "झाकण उघडं, तोंड बंद!" एकदा तिने साहेबांनाच असं गप्प केलं होतं, आणि साहेब बिचारे तोंडावर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले होते.

हा नुसता तोरा नव्हता. तिकडच्या उन्हाळ्यातले कण बहुतेक आम्लाचे. माणसाच्या श्वासात नावापुरता अमोनिया असतो, पण तेवढाही पुरतो. तो लागला की आम्लाचं मीठ होतं आणि कणाचा स्वभावच पालटतो. आम्ल कोरड्या हवेतूनही घोट घोट पाणी घेत राहतं. हे मीठ मात्र हट्टी. हवा चांगली दमट होईपर्यंत कोरडं ठणठणीत बसतं आणि मग एकदम पाणी पाणी होतं.

घरात ती आणि मुलगी, दोघीच. बाप पोर रांगत होती तेव्हाच गेला. पोर आईच्या टेबलाशी वाढली, श्वास रोखायलाही तिथेच शिकली. मोठी झाल्यावर म्हणाली, या डब्या जिथून येतात तिथे मला जायचंय. आणि गेलीसुद्धा. उन्हाळ्यानंतर हिवाळाही तिथेच काढायचा तिचा बेत होता. महिनोन् महिन्यांचा अंधार संपून सूर्य उगवतो तेव्हा हवेत काय बदलतं, ते तिला स्वतःच्या हाताने पकडायचं होतं.

आई वरवर "जा बाई, खुशाल जा" म्हणाली. नंतर घर तिला खायला उठलं. कुलूप काढताना ती सवयीने "आले गं" म्हणायची आणि मग एक चप्पल पायात, एक हातात अशी दारातच उभी राहायची. चहा अजूनही दोघींचा टाकायची आणि दोन्ही कप स्वतःच प्यायची. समुद्र गोठायच्या आत एक शेवटचं जहाज तिकडून परतणार होतं. पोर कंटाळावी आणि त्या जहाजाने निघून यावी, एवढीच तिची आस. पण फोनवर पोरीचं ठरलेलं उत्तर, "मजेत आहे."

अशात विमानाने पोरीच्या हातची नवी पेटी आली. चूपबाईने नेहमीसारखे फिल्टरांचे तीन तीन तुकडे केले. एक वजनाच्या काट्यावर, एक पाण्यात विरघळवायला, एक थंड कपाटात जपून ठेवायला. काट्याभोवतीची हवा ती हळूहळू दमट करत गेली. बाकी सगळे तुकडे पाणी पिऊन जड होऊ लागले. शेवटचा ढिम्म हलेना. मग बऱ्याच वेळाने एकदम जड झाला. पाण्यातल्या तुकड्यातही अमोनियाच अमोनिया.

"हा नमुना बाद करा," साहेब म्हणाले. "आणि पोरीला जरा समज द्या."

पण तिची पोर निष्काळजी नव्हती. तिने फोन लावला.

"झाकण उघडं ठेवून बोललीस ना गं?"

"बोलले," मुलगी म्हणाली. "बराच वेळ तशीच बसले होते, डबी मांडीवर घेऊन. वाटलं, ही तुझ्याच हातात जाणार. मग तुला हाक मारली. आई म्हणून. दोनतीनदा. बाद झाला ना नमुना?"

"झाला."

"आई, जहाज निघतंय. मी येऊ का गं परत? तू ये म्हण, मी लगेच सामान भरते."

हाच शब्द ऐकायला ती किती दिवस झुरत होती! ये, एवढं म्हणायचं. ओठांवर आलंच होतं.

"मला तू हवी आहेस," ती म्हणाली. "रोज हवी आहेस. घरात पाऊल टाकवत नाही मला. पण आत्ता आलीस तर जन्मभर माझ्याकडे बघून तो न पाहिलेला सूर्य आठवत बसशील. ते मला सोसायचं नाही. थांब तिथे."

पोर रडली, मग नाक ओढत हसली. "आणि आठवण आली तर?"

"हाक मार. पण आधी झाकण लाव!"

जहाज रिकाम्या जागेसह निघाल्याचं साहेबांनी सांगितलं, तेव्हा तिने मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागली. दुपारी सगळे चहाला गेले. बाद झालेल्या फिल्टरचा तिसरा तुकडा अजून थंड कपाटात होता. तिने तो काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. सवयीने श्वास रोखला गेला. मग तिने तो सोडला, डबीवर अगदी जवळ वाकली आणि म्हणाली, "ओ."